डाव्या दाराची पट्टी

सुभेदार थोरात आमच्या शेजारी राहायला आले, त्या दिवशी ओळख करून घ्यायला म्हणून दारात उभे राहिले. नमस्कार वगैरे काही न करता त्यांनी खिशातून चुंबक काढला आणि माझ्या दारावरच्या पितळी पाटीला लावला. चुंबक टक्कन चिकटला. ती पाटी सासरेबुवांनी वास्तुशांतीला दिलेली. बारा वर्षं ती पितळेची आहे अशा समजुतीत मी आणि माझी बायको सुखाने नांदत होतो.

"वरिजनल न्हाई, मास्तर," सुभेदार म्हणाले. "आत लोखंड हाय, वरनं पानी दिलंय." आणि मग, "मी थोरात. चहा घेईन, साखर कमी."

त्या दिवसापासून सुनंदा ती पाटी पुसत नाही. आणि मला, मलकापूरच्या शाळेत मुलांना भूगोल शिकवणाऱ्या निरुपद्रवी माणसाला, साडेसाती लागली ती लागलीच.

फौजेत अठ्ठावीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला हा माणूस. त्यांच्या लेखी जगाचे भाग दोन: वरिजनल आणि डुप्लिकेट. काकवी, तूप, पुढाऱ्याचं भाषण, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचे केस, सगळ्यांना हाच सवाल. केसांच्या वेळी मुख्याध्यापक समोर होते. त्यानंतर वर्षभर मला जनगणनेपासून पोषण आहारापर्यंत एकही काम चुकलं नाही.

पण हे सगळं परवडलं. खरं दुखणं त्यांच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. तिथे एक विलायती स्पोर्ट्स कार उभी होती. दोन सीटांची, उघड्या टपाची, इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पंगतीत पाटावर बसणं. ती सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंची. कृष्णेचा पूर बंगल्यात शिरला तेव्हा गाडी आठवडाभर पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर चिखल काढणाऱ्या माणसांनी गाडीवरच्या क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या रिंगा, हँडलं, आरसे, पाठीवरची नावाची अक्षरं, जे सुटून पडलं होतं ते सगळं भंगारात घातलं. उरलेला सांगाडा सुभेदारांनी बाईंकडून मागून आणला.

चार महिन्यांत त्यांनी इंजिन चालू केलं. आता रंग देतील आणि सुटू, असं मला वाटलं. छे! रंगाचं नावच नाही. दारं करड्या प्रायमरची, बॉनेट अर्धं लाल, मागचा भाग खरवडलेला. ठिगळं लावलेली गोधडीच ती. आणि असल्या ध्यानावर लावायला यांना पाहिजेत वरिजनल पट्ट्या!

"सुभेदार, आधी रंग तरी द्या," मी म्हणायचो.

"रंगाचं मागनं बगू. रंग कोन बगतंय?"

"सगळं जग रंगच बघतं!"

"जगाला कुठं दावायचीय?" असं म्हणून ते माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसायचे. म्हणजे निघायचं.

अशी आम्ही दोन वर्षं घालवली. वाईच्या घाटावर एक गुरुजी तसल्याच एका गाडीच्या गोल आरशात बघून गंध लावतात, अशी खबर आली. गेलो. सुभेदारांनी पूजा संपेपर्यंत वाट बघितली आणि गुरुजींच्या पुढ्यातला आरसा उचलून पाठीमागचा छाप वाचायला लागले. गुरुजी भडकले. "तीस वर्षं या आरशात बघतोय मी! माझं तोंड दुसऱ्या आरशात मला ओळखू यायचं नाही!" दोन तास वाद चालला. शेवटी सुभेदारांनी फौजेतला स्वतःचा दाढीचा आरसा पिशवीतून काढून दिला, तेव्हा सौदा झाला. त्यानंतर महिनाभर सुभेदार गालावर कापल्याच्या खुणा घेऊन फिरत होते.

तासगावला एका बेदाण्याच्या शेडवर तसल्याच गाडीची पट्टी असल्याचं कळलं. रविवार गेला, स्कूटरची क्लच केबल गेली आणि पट्टी निघाली गोदरेजच्या कपाटाची. शेडवाल्याने बिचाऱ्याने कौतुकाने मूठभर बेदाणे हातावर ठेवले. सुभेदारांनी हुंगून विचारलं, "गंधक किती मारलंय? पिवळा रंग वरिजनल हाय का?" तिथून आम्ही जरा घाईनेच निघालो.

घरातही सुख नव्हतं. गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी सुभेदारांनी दिव्यांच्या दोन रिंगा आमच्या कट्ट्यावर वाळत ठेवल्या होत्या. सुनंदा समया घासायला बसली होती. तिला त्या रिंगा कळकट दिसल्या. तिने भल्या मनाने त्याही चिंचेत बुडवल्या आणि काथ्याने, मग तारेच्या घासणीने, अशा काही घासल्या की जुनं क्रोम सगळं निघालं आणि खालचं पितळ झळकायला लागलं.

"बघा भावजी, सोन्यासारख्या केल्या!"

सुभेदार पायरीवर बसले. एक रिंग उचलून चुंबक लावून बघितला. मग म्हणाले, "वैनी, पितळ मातुर वरिजनल हाय." दुसऱ्या दिवशी, ऐन गणपतीत, मी त्या रिंगांना परत क्रोमचं पाणी चढवायला कोल्हापूरला गेलो. आरती चुकली.

होता होता सगळं जमलं आणि एकच वस्तू अडली. डाव्या दाराची पट्टी. हातभर लांबीची, बोटभर रुंदीची. खंडेनवमी दहा दिवसांवर आली होती. बाई दरवर्षी त्या दिवशी स्वतःच्या हाताने गाडीची पूजा करायच्या, आणि यंदाची पूजा त्यांच्या हातून झालीच पाहिजे, असा सुभेदारांचा हट्ट. कारण दिवाळीनंतर बाईंची भाची त्यांना कायमची बंगळूरला नेणार होती. नव्वदीला टेकलेल्या बाई परत थोड्याच येणार!

"तशीच न्या की," मी म्हणालो.

"एक दार नागवं घिऊन? तोंड दावू व्हय बाईस्नी?"

त्यांचं जेवण कमी झालं. संध्याकाळी शेडमध्ये गाडीच्या दारासमोर स्टूल टाकून नुसते बसायला लागले. मला त्यांची दया आली असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. मला माझे रविवारही परत हवे होते.

म्हणून मी पाप केलं. सुभेदार मिलिटरी कॅन्टीनला गेलेले बघून सुनंदाच्या शिवणाच्या टेपने दार मोजलं, पाच भोकांची जागा कागदावर उतरवली आणि कराडला जिन्याचे कठडे करणाऱ्याकडून स्टीलची पट्टी करून घेतली. चुंबक न चिकटणारं स्टील मुद्दाम मागितलं. नवी चकाकी जाऊन जुनी दिसावी म्हणून दोन दिवस राख आणि खोबरेल तेल लावून मीच ती घासली. हाताला फोड आले. मग वर्तमानपत्रात गुंडाळून सुभेदारांना दिली आणि म्हणालो, "मिरजेच्या भंगारवाल्याकडे मिळाली."

त्यांनी चुंबक लावला. चिकटला नाही. पट्टी दारावर धरली. पाच स्क्रू पाच भोकांत सरळ गेले. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गावली म्हनायची." मी देवासमोर नारळ फोडला.

खंडेनवमीला सकाळी आम्ही निघालो. सांगलीपर्यंत लोक आमच्याकडे बघून हसत होते. एका उसाच्या ट्रॉलीवाल्याने तर शेजारी येऊन विचारलं, "पावनं, रंगाचं पैसं संपलं काय?" सुभेदारांचं लक्ष नव्हतं. दोन वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या दिवशी रस्त्याकडे बघत सांगितलं.

"माझी पोरगी ह्या गाडीत झाली, मास्तर. मी तवा लडाखला. मंडळी अडली, गावात गाडी न्हाई. बाई सोता आल्या ही घिऊन, चिखलातनं. वाटंतच मोकळी झाली. दोगी जगल्या. मला पंधरा दिसांनी पत्रातनं कळलं." मग गियर बदलून, "मंडळी गेली. पोरगी कॅनडात. रविवारी फोन असतो."

रविवारी हे माझ्या स्कूटरवर असायचे. म्हणजे फोन कुठल्यातरी भंगारवाल्याच्या दारात यायचा, तेव्हा ते बाजूला जाऊन पाठ करून बोलायचे. मी त्या वेळी घड्याळ बघत असायचो.

बंगल्याच्या फाटकात भाची बाईंना हाताला धरून घेऊन आली. बाईंनी आमच्या डोक्यावरून कुठेतरी पाहत विचारलं, "थोरात, आणलीस का रे?" आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. बाईंना दिसत नव्हतं.

"चार वर्षं झाली," भाची हळूच म्हणाली. "आता काहीच नाही दिसत."

बाई वाकल्या. दिव्याच्या रिंगेवरून बोट गोल फिरलं. मग आरसा. मग हँडल. पाठीवरची अक्षरं त्यांनी एकेक चाचपून वाचली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "तीच आहे रे! माझीच आहे!" सुभेदार परेडला उभं राहावं तसे ताठ उभे होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग त्या डाव्या दाराशी आल्या. सगळ्या जगाला फसवता आलं असतं, या एका हाताला नाही. बोटं पट्टीवरून पुढे गेली, थांबली, मागे आली.

"ही माझी नाही. माझीची कड गोल होती."

मी तोंड उघडलं, पण सुभेदारच बोलले. "व्हय बाई. ही नवी हाय. आमच्या मास्तरनी करून आनली."

"तुम्हाला माहीत होतं?" माझा आवाज चिरकला.

"आवं, जुनी पट्टी कवा एवढी बरोबर बसती व्हय? पाचीच्या पाची भोकं जुळली. आन् तुमच्या हाताचं फोड काय दिसत न्हवतं मला?"

"मग लावलीत कशाला? काढून टाका!"

"न्हाई," सुभेदार म्हणाले. खाली बघत, तोंडातल्या तोंडात. "मंडळी गेल्यापासनं माझ्यासाटी कुनी हातानं काय करून आनलं न्हवतं."

मला काय वाटलं ते सांगतो: लाज वाटली. दोन वर्षं मी या माणसाच्या नावाने बोटं मोडली, आणि ही पट्टीसुद्धा केली ती त्याच्या तावडीतून सुटायला.

बाईंनी हवेत हात पुढे केला. तो माझ्यासाठी होता हे कळायला मला वेळ लागला. त्यांनी माझा फोड आलेला तळवा चाचपला आणि त्यात कुंकवाची वाटी ठेवली. "मास्तर, पहिलं कुंकू त्या पट्टीला. तुम्ही लावा."

मी लावलं. वाकडं लागलं. सुभेदारांनी ते निरखून पाहिलं, पुसायला खिशातला रुमाल अर्धा बाहेर काढला, आणि पुन्हा आत ठेवून दिला.