सासूबाईंच्या नावाचं खातं

स्वरदाने सासूबाईंच्या नावाने पहिला सल्ला दिला तो निव्वळ चुकून. शनिवारची सकाळ होती, सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आपल्या घरात ती इस्त्री करत होती आणि समोर टॅब्लेटवर मालिका चालू होती. टॅब्लेट सुनीतीताईंचा, म्हणजे सासूबाईंचा. मागच्या खेपेला त्या पुण्याहून आल्या तेव्हा राघवने आईला विरंगुळा म्हणून तो आणला, त्यावर तिच्या नावाचं खातं उघडलं, परसात काढलेला तिचा फोटो लावला आणि 'मालिका कट्टा, ऑस्ट्रेलिया' नावाच्या गटात तिला घालून दिलं. सुनीतीताईंनी मालिका पाहिल्या, पण गटात एक अक्षर लिहिलं नाही. "अनोळखी माणसांशी काय बोलायचं?" असं म्हणून त्या परत गेल्या आणि टॅब्लेट इथेच राहिला.

त्या दिवशी मालिकेतल्या सासूने विकतच्या पोळ्यांवरून सुनेला पाहुण्यांसमोर टोमणा मारला. स्वरदा हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती आणि तिच्या फ्रीजरमध्ये पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून आणलेल्या पोळ्यांची चळत कायम असायची. टोमणा तिलाच वर्मी लागला. इस्त्री बाजूला ठेवून तिने गटात लिहिलं, "विकतच्या पोळ्यांनी कुणाचं घर मोडत नाही. राबून आलेल्या सुनेला आधी चहा द्यावा, मग काय ते बोलावं."

उत्तरांचा पाऊस पडला. "काकू, पाया पडते." "काकू, हे माझ्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवू का?" काकू कोण, हे शोधायला स्वरदाने स्क्रीन सरकवून आपलीच ओळ पुन्हा पाहिली आणि आपण कुणाच्या खात्यातून लिहिलंय ते तिला कळलं. स्वतःच्या नावाने ती त्याच गटात कधीपासून लिहीत होती. तिथे तिला मिळालेला एकमेव अंगठा राघवचा होता, आणि तोही दुसरीकडे टिचकी मारताना चुकून पडलेला.

"डिलीट कर," राघव म्हणाला.

"करते ना. संध्याकाळी."

संध्याकाळपर्यंत मेलबर्नहून कुणीतरी विचारलं होतं, की सासूबाई भांडी आधी स्वच्छ घासतात आणि मग डिशवॉशरमध्ये लावतात, तर काय करावं? प्रश्न इतका कळवळून विचारलेला, की उत्तर न देणं माणुसकीला धरून झालं नसतं. पुढे पर्थ शहरातल्या एकीचे सासरे रिमोट उशीखाली घेऊन झोपू लागले. ब्रिस्बेनच्या एका आजींनी नातवाच्या डब्यातलं सँडविच काढून शिरा भरला. सुनीतीकाकू सगळ्यांना उत्तरं देत गेल्या. सासूने सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करू नये. सुनेच्या धुण्याला हात लावू नये. आणि सगळ्यात मुख्य, कपाटातले डबे हलवू नयेत.

हे शेवटचं स्वरदाने पोटतिडकीने लिहिलं होतं. खऱ्या सुनीतीताई दर खेपेला आल्या आल्या सगळे डबे हलवायच्या. कॉफीच्या जागी हळद यायची, आणि सकाळच्या शिफ्टला निघायच्या घाईत स्वरदा काय काय प्यायली होती ते तिलाच माहीत. पण आईंना वाईट वाटेल म्हणून ती कधी बोलली नव्हती. तोंडावर सांगायला जमत नव्हतं ते ती आता अख्ख्या ऑस्ट्रेलियाला सांगत होती, आणि तिला फार हलकं वाटत होतं.

मग सुनीतीताई तीन महिन्यांसाठी आल्या.

टॅब्लेट चादरींच्या मागे गेला. पण पहिल्याच रविवारी पेंडल हिलच्या दुकानात कढीपत्ता निवडताना एक मुलगी सुनीतीताईंच्या पायाशी वाकली.

"सुनीतीकाकू ना तुम्ही? फोटोवरून लगेच ओळखलं. मी अंजू. तुमच्यामुळे आमच्याकडेही डिशवॉशर सुरू झाला."

"माझ्यामुळे?" सुनीतीताई म्हणाल्या. "मला तर टीव्हीसुद्धा धड सुरू करता येत नाही."

"किती साध्या आहात हो," अंजू भारावून म्हणाली. "कुठे राहता?"

स्वरदा गाडीची किल्ली वाजवत होती, खोकत होती. सुनीतीताईंचा स्वभाव बोलका. त्यांनी शाळेसमोरचं घर, दारातलं लिंबाचं झाड, सगळं सांगितलं, शिवाय फोटोही काढू दिला.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "कोण गं ही?"

"तुमच्यासारख्या दिसणाऱ्या कुणीतरी दुसऱ्या बाई असतील."

"नावासकट?"

स्वरदाने रेडिओ मोठा केला.

अंजूने तो फोटो गटात टाकला आणि काकू सिडनीत आल्यात म्हणून एकच धमाल उडाली. पुढच्या रविवारी पार्कात जमायचं, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा, काकूंनी नुसतं यायचं असं ठरलंसुद्धा. स्वरदाने बाथरूममध्ये कडी लावून काकूंच्या नावाने लिहिलं, "तब्येत जरा नरम आहे. येणं जमणार नाही." तिला वाटलं, प्रकरण मिटलं. आजारी माणसाकडे मराठी बायका रिकाम्या हाताने जात नाहीत, पण जातात मात्र नक्की, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात अंजू मऊ भाताचं पातेलं घेऊन उभी. तिच्यामागे काढ्याचा थर्मास घेतलेल्या दोघीजणी, आणि अंजूच्या सासूबाई. दार उघडलं सुनीतीताईंनी. हातात कांदाभज्यांची बशी होती आणि तोंडात भजं.

"काकू, तुम्ही आजारी ना?"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच. काल रात्री लिहिलंत गटात."

सुनीतीताईंनी मागे वळून पाहिलं. स्वरदाच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. राघव "लॉन कापायचंय" असं पुटपुटत मागच्या दाराने पसार झाला. सुनीतीताईंनी भजं शांतपणे गिळलं.

"हो, हो. आता बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "या ना आत. काय काय लिहिलं होतं मी, जरा आठवण करून द्या. वयाने विसरायला होतं."

चौघींनी तासभर आठवण करून दिली. अंजूच्या सासूबाईंनी डोळे पुसत सांगितलं, "तुमचं वाचलं आणि मी डबे हलवणं सोडलं हो." स्वरदा सगळा वेळ उभीच होती.

पाहुण्या गेल्यावर सुनीतीताईंनी हात पुढे केला. स्वरदाने चादरींमागचा टॅब्लेट आणून दिला. त्यांनी चष्मा लावला आणि दिवे लागेपर्यंत वाचत बसल्या.

"चांगली आहे गं ही बाई," शेवटी त्या म्हणाल्या. "मला आवडली."

"आई, सॉरी. मला तसं..."

"सॉरी कशाला? उद्यापासून मी अशीच वागते."

आणि त्या खरोखर तशाच वागल्या. सोमवारी सकाळी स्वरदा उठली तेव्हा पोळ्या केलेल्या नव्हत्या, भाजी चिरलेली नव्हती, लेकीच्या, स्पृहाच्या वेण्या घातलेल्या नव्हत्या. सुनीतीताई हॉलमध्ये पाय वर घेऊन मालिका बघत होत्या. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. पाणीसुद्धा बाथरूमच्या नळाचं प्यायल्या. स्पृहा शाळेत जाताना म्हणाली, "आजी, आर यू ऑन स्ट्राइक?"

"नाही बाळा. आजी सुधारलीय."

बुधवारी स्वरदा शिफ्टवरून आली तर परसात दोरीवरचे कपडे पावसात भिजत होते, आणि सुनीतीताई खिडकीत बसून त्यांच्याकडे बघत होत्या.

"आई, कपडे भिजतायत, दिसलं नाही का?"

"दिसलं ना. मला फार वाईट वाटलं. पण सुनेच्या धुण्याला हात लावू नये, असं मीच लिहिलंय."

"तुम्ही नाही, मी लिहिलंय."

"तेच ते," म्हणून त्यांनी टॅब्लेटमध्ये डोकं घातलं. राघवने पासवर्ड बदलून दिला होता आणि काकू आता स्वतः लिहीत होत्या. त्यांची उत्तरं स्वरदाच्या उत्तरांपेक्षा आखूड असायची आणि लोकांना जास्त आवडायची.

शनिवारपर्यंत स्वरदाचे हाल झाले. पण खरं दुखत होतं ते वेगळंच. घरात कुणी रागावलं नव्हतं, भांडलं नव्हतं, आणि आई मात्र हॉलमध्ये पाहुण्यासारख्या बसून होत्या. त्यांची रोजची खुडबुड, तक्रारी, पदार्थांची चौकशी या सगळ्याशिवाय घर परकं वाटत होतं. सरळ जाऊन सांगावं तर जीभ रेटेना. दुपारी तिने बेडरूमचं दार लावलं आणि गटात नाव लपवून लिहिलं, "माझ्या सासूबाई कशातच लक्ष घालत नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. त्या घरातच आहेत. त्यांना न दुखावता हे कसं सांगावं?"

"नशीबवान आहेस, गप्प बस," एकीने लिहिलं. "अदलाबदल करू या का?" दुसरीने विचारलं. मग सुनीतीकाकूंचं उत्तर आलं.

"वाईट वाटेल म्हणून माझ्याशी इतकी वर्षं कुणी बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. चहा टाक. हाक मारलीस तर येते."

गटातल्या बायकांना हे काही कळलं नाही, पण त्यांनी भराभर बदाम टाकले. स्वरदाने डोळे पुसले, स्वयंपाकघरात जाऊन पातेलं चढवलं आणि हाक मारली, "आई, जरा इकडे येता?"

सुनीतीताई इतक्या चटकन आल्या, की बहुधा दाराशीच उभ्या असाव्यात.

"आई, कपाटातले डबे हलवत जाऊ नका. मला काही सापडत नाही." स्वरदाने डोळे मिटून एका दमात सांगितलं. "आणि बाकी सगळ्यात लुडबुड करा. प्लीज."

"बरं," सुनीतीताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"एवढंच होतं होय. मग मीही सांगू का एक?"

"सांगा की," स्वरदा मोकळी होऊन म्हणाली.

"तुझा चहा मला पहिल्या दिवसापासून आवडत नाही. नुसतं गढूळ पाणी असतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

स्वरदाने उकळत्या पातेल्याखालचा गॅस बारीक केला. "पण तुम्ही तर सगळा संपवायचात."

"हो, एका घोटात. चव लागायच्या आत." त्यांनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. "सर जरा, मी करते."

स्वरदा सरली. चहा खरोखर चांगला झाला होता, आणि तिला त्याचं फार वाईट वाटलं.