रिफाकरांची अवे मॅच

"कश्मिरा, पोरीची चिंता नको करूस. ती पडेल, उठेल, पुन्हा पडेल. तू नवऱ्यावर लक्ष ठेव."

खालच्या मजल्यावरच्या चारूताईंनी लिफ्टमध्ये हे सांगितलं तेव्हा कश्मिरा हसली होती. खरं तर हसायलाही तिला सवड नव्हती. तेजस्वीच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीला काचतोय की सैल पडतोय, हे ती बोट घालून तपासत होती.

"मयुरेशचं काय हो? तो नुसता बघायला येतो."

"तेच तर! खेळणाऱ्यांचं एक वेळ ठीक असतं गं. बघणारे हाताबाहेर जातात."

कश्मिराने ते कानाआड केलं. तिची काळजी वेगळी होती. बाहेर चपला डांबराला चिकटतील असं ऊन, आत बर्फ, आणि या दोन्हींतून ये-जा करणारी तिची नऊ वर्षांची पोर. तिने आइस हॉकीतल्या इजांवर एवढं वाचलं होतं की स्पेशालिस्ट म्हणून दवाखाना थाटता आला असता. तेवढ्यावर भागेना म्हणून ती सरावाआधी तेजस्वीच्या नाकपुड्यांना साजूक तूप लावी आणि हेल्मेटच्या अस्तरात ओव्याची गरम पुरचुंडी खोचून देई.

"मॅडम," लीगचा कोच अम्मार एकदा काकुळतीने म्हणाला, "हेल्मेट में पकोडा है क्या? पूरा टीम को भूख लगता है."

"अजवाईन है. सर्दी के लिए."

"ममा, एव्हरीवन इज स्मेलिंग मी," तेजस्वी म्हणाली. पण पुरचुंडी जागची हलली नाही.

आखातातल्या या ज्युनियर लीगमध्ये तीन गावांच्या टीम होत्या: सनाबिस, झिंज आणि रिफा. गावं तीन, पण बर्फ एकच, सनाबिसला लागून असलेल्या मॉलमधला. त्यामुळे होम मॅच आणि अवे मॅच दोन्ही तिथेच. फरक बाकांचा. डावीकडचा बाक होमचा. उजवीकडचा अवेचा, ज्याच्यावर गार हवेचा झोत थेट मानगुटीवर येई. सनाबिसवाले कायम डावीकडे. कश्मिराच्या घराच्या गॅलरीतून रिंकची निळी पाटी दिसायची. चालत जाईपर्यंत ओवा गरम राहायचा. परक्या देशात गाडी न चालवणाऱ्या बाईला याहून काय हवं? ते घर तिला मनापासून आवडायचं.

मयुरेश बँकेत ऑडिटर. मूळचा सांगलीचा. सांगली मोठी की मिरज, या वादात त्याने उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. पण लीग सुरू झाली आणि हा माणूस काचेवर मुठी आपटत "सनाऽऽबिस!" असं ओरडायला लागला. व्हिसा दोन वर्षांचा, अभिमान मात्र सात पिढ्यांचा. त्याला एकच शल्य होतं. तेजस्वी गोलकीपर होती, पण राखीव. ती बाकावर बसून हॉट चॉकलेट प्यायची आणि खुशीत पाय हलवायची.

एका संध्याकाळी तो चमकत्या डोळ्यांनी घरी आला.

"रिफाची गोलकीपर टीम सोडून गेली. जागा रिकामी आहे!"

"मग?"

"मग काय? नियम साधा आहे. सीपीआर कार्डावर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, जो पत्ता, त्या गावची टीम. आपण रिफाला राहायला जाऊ."

कश्मिराची पोळी तव्यावरच राहिली.

"अरे, इथून रिंक दिसते, मयुरेश. गॅलरीतून!"

"दिसते. खेळायला मिळते का?"

"रिफाला मी कोथिंबीर तरी कशी आणू? तिथे गाडीशिवाय पान हलत नाही."

"रोपटं लावू. तेजू, तुला मेन गोलकीपर व्हायचंय ना?"

तेजस्वीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. "इज देअर हॉट चॉकलेट?" तिने विचारलं. मयुरेशने हे होकार म्हणून धरलं. महिनाअखेरीला सामान हललं.

रिफाचं घर प्रशस्त होतं, अंगणाला भिंतही होती. त्या भिंतीशी बोलून बोलून कश्मिरा कंटाळली. रिंकवर जायचं म्हणजे हायवेच्या गर्दीतून, जुन्या बिल्डिंगच्या दारावरून. पोचेपर्यंत ओवा थंडगार. मयुरेश मात्र पंधरवड्यात अस्सल रिफाकर झाला.

"या सनाबिसवाल्यांना ना, घराशेजारी बर्फ आहे त्याचा माज आहे," तो जुन्या घराच्या गॅलरीकडे बघत म्हणाला. "आम्हा रिफाकरांना प्रत्येक मॅच अवे!"

"तीन आठवड्यांपूर्वी तूच त्या गॅलरीत लुंगी वाळत घालायचास."

"तो वेगळा काळ होता."

पहिल्या अवे मॅचला तो प्रवासाला निघाल्यासारखा निघाला. पोळीभाजीचा डबा, पाण्याची पिंपं, गाडीच्या काचेवर झेंडा. कश्मिराने त्याला जाकीट घ्यायला सांगितलं तर म्हणाला, "रिफाकराला थंडी वाजत नाही."

नव्या मोसमाची ही पहिली मॅच होती सनाबिसविरुद्ध; तोवर टीमचा सराव बंदच होता. कश्मिराने तेजस्वीला तूप लावलं, पट्टा तपासला आणि वर पाहिलं. उजवीकडचा बाक रिकामा होता. समोर सनाबिसच्या गोलमध्ये एक दणकट मुलगी उभी होती. तिच्या आईवडिलांशेजारी, नातीला घेऊन आलेल्या चारूताई बसल्या होत्या.

"कश्मिरा! ये ये. हे जयेश आणि मनाली. ती गोलमधली त्यांची सुहा. तुमच्याच फ्लॅटमध्ये राहायला आलेत."

"कुठून?" कश्मिराने विचारलं. उत्तर तिला आधीच कळलं होतं.

"रिफाहून," मनाली म्हणाली. "रोजचा तो हायवे नको झाला हो. आणि तुमच्या गॅलरीतून तर रिंकची पाटी दिसते! आमचं बघून रिफा टीमचे बाकीचे पालकही इकडेच सरकले. सुहाला म्हटलं राखीव बसावं लागेल, तर इथला मेन गोलकीपर गेल्याच महिन्यात दोह्याला गेला. नशीब बघा!"

कश्मिराने मयुरेशकडे पाहिलं. तो झेंड्याची घडी घालत होता, मग उलगडत होता, मग पुन्हा घालत होता.

अम्मार आला. "सॉरी, सर. रिफा टीम मफी, नहीं है. खलास. ओन्ली वन प्लेअर: युअर डॉटर."

"मग तिला सनाबिसमध्ये घ्या!"

"सीपीआर में रिफा है, सर."

"अहो, पण आम्ही मूळचे सनाबिसचेच!" सांगलीचा मयुरेश छातीवर हात ठेवून म्हणाला.

चारूताईंनी कश्मिराच्या खांद्यावर हात ठेवला. "लिफ्टमध्ये सांगितलं होतं," एवढंच म्हणाल्या. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

तेजस्वीने हेल्मेट काढलं. ओव्याचा घमघमाट सुटला. "पपा, इट्स ओके. मला गोलमध्ये भीतीच वाटते. आय लाइक द बेंच."

हे तिने पहिल्यांदाच सांगितलं होतं. पहिल्यांदाच कुणीतरी ऐकण्याइतकं गप्प बसलं होतं.

आता दर शुक्रवारी तेजस्वी सुहाकडे खेळायला जाते. कश्मिरा आपल्याच जुन्या गॅलरीत, पाहुणी म्हणून, मनालीच्या हातचा चहा पिते. मनाली तिला गाडी शिकवणार आहे. चाललंय बरं. फक्त मयुरेश वर येत नाही. टीम अधिकृतपणे बरखास्त झाल्याचं पत्र मिळेपर्यंत रिफाची जागा सोडणं त्याच्या ऑडिटरी बुद्धीला पटत नाही. तो झेंडा घेऊन उजवीकडच्या बाकावर एकटाच बसतो, त्या गार झोताखाली. झिंजची मॅच असली की झिंजवाले त्याला जरा सरकायला सांगतात.

गॅलरीतून पाटी दिसते, आतलं काही दिसत नाही. म्हणून कश्मिराचं तुमच्याकडे एक काम आहे. शुक्रवारी त्या मॉलकडे गेलात तर जरा आत डोकावा. निळा पडला असेल तर वर येऊन सांगा. आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ओव्याची पुरचुंडी आहे ना, तेवढं चाचपून बघा. हट्टाने काढून टाकतो तो.