व्रानित्सेचा तळ आणि तिची प्रत

नदीच्या प्रकृतीबाबत माणसांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. माणसांना नोकऱ्या असतात, निवडणुका असतात, झालंच तर मेहुणे असतात. तळाशी दगडाला चिकटून राहणाऱ्या अळीला यातलं काहीच नसतं. म्हणून बल्गेरियातल्या नद्यांची प्रतवारी अळ्यांवर सोपवली आहे.

बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या दिवसाचं सांगतं, आणि त्या दिवशी कारखाना बंद ठेवता येतो. (ठेवतातही. कामगार त्याला पर्यावरणाची सुट्टी म्हणतात.) अळी मात्र महिनोन्‌महिने तळाशीच मुक्कामाला असते. पाणी निर्मळ असलं तर दगडाखाली नाजूक अळ्या सापडतात. बिघडलं की त्या मरतात आणि त्यांच्या जागी तांबडे किडे नि जळवा येतात. लाच न घेणारा एवढा मोठा कर्मचारीवर्ग कुठल्याच खात्याला आजवर लाभला नव्हता.

नेव्हेना कोलारोवा ही या वर्गाची दुभाषी. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जीवशास्त्रज्ञ. रबरी बूट चढवून ती व्रानित्सा नदीत उतरे, टाचेनं दगड हलवी आणि वाहत येईल ते जाळीत धरी. गावच्या पुलाखाली, कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला, जाळीत आले तांबडे किडे. दुसरं काहीच नाही. तिनं अहवालात लिहिलं : ‘वाईट’.

नगराध्यक्ष ग्रोझ्दान बुरेव यांनी तिला बोलावून घेतलं. माणूस दिलदार. कारखाना मेहुण्याचा असूनही चिडले नाहीत.

“बसा, नेव्हेनाबाई. बनित्सा घ्या, चीज भरलेला, आत्ताच भट्टीतून आलाय. किड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही हो, तेही गावकरीच. पण तुम्ही नेमक्या पुलाखालीच का उतरलात?”

“जागा ठरलेली आहे, साहेब.”

“ठरलेली आहे म्हणजे कुणीतरी ठरवली असणार. मग परत ठरवू! नाहीतर कारखान्याला टाळं लागेल. तुमच्या शेजारचा किरिलच तिथे आहे ना कामाला? त्याला काय सांगाल, किड्यांनी काढलं म्हणून?”

किरिलला नुकती जुळी मुलं झाली होती. नेव्हेनानं बनित्सा खाल्ला.

समिती बसली. पुलाखालची जागा नदीचं खरं रूप दाखवत नाही, कारण तिथलं पाणी दूषित आहे, असा ठराव एकमतानं झाला. जागा कारखान्याच्या वर सरकवली. तिथे गोठे निघाले. गोठ्यांच्या वर नेली, तर लाकडाची वखार. असं करत करत नदीचं खरं रूप बीच वृक्षांच्या जंगलात सापडलं, जिथे ती खडकातून बाहेर पडते आणि तिला अजून कुणी भेटलेलं नसतं. तिथल्या अळ्या पाहून समितीतल्या एका सभासदाचे डोळे भरून आले. प्रत पडली : ‘उत्तम’. नेव्हेनानं सही केली. मन खट्टू झालं, पण अक्षर सुरेख आलं.

पुलावर ‘उत्तम’ असा फलक लागला, बँड वाजला, बुरेव यांनी नदीकाठी जाहीरपणे भाजलेला मासा खाल्ला. (मासा समुद्रातला होता.)

पुढच्या रविवारी नेव्हेना खालच्या गावात आईकडे गेली, तर दार उघडं आणि घरात कुणी नाही. आई नदीवर होती. स्टोयनाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून गालिचा घासत होत्या.

“आई! आधी बाहेर ये!”

“का गं? तूच तर पास केलीस ना नदी? किती वर्षांनी वाहत्या पाण्यात गालिचा धुतेय. शेजारणींनाही सांगितलंय, लेकरं घेऊन या म्हणून.”

“पाणी... गार आहे गं.”

“ऑगस्टात? काहीतरीच तुझं. बरं आहे की नाही पाणी, तेवढं सांग.”

नेव्हेना गालिच्याचं टोक धरून काठाकडे ओढू लागली. आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती काठावर आली. पोटरीला जळू चिकटली होती.

“हिची प्रत कुठली?”

“सगळ्यात खालची.”

“आणि त्या सहीची?”

सोमवारी नेव्हेनानं सही मागे घेतल्याचं पत्र कचेरीत दिलं. सोबत मुरंब्याच्या बरणीत जळू. उत्तर तत्परतेनं आलं. नमुना नदीच्या तळातून घेतलेला असावा असा नियम आहे. पोटरी म्हणजे तळ नव्हे. सबब सदर जळू ही स्टोयनाबाईंची खाजगी बाब आहे. बाईंनी नमुना घेण्याचा परवाना काढला होता काय, याचाही खुलासा मागवला होता. नेव्हेनाची बदली उगमाजवळच्या चौकीवर झाली. (हवा उत्तम आहे.)

आता ती सुट्टीच्या दिवशी पुलाखाली उतरते, जाळी टाकते आणि पांढऱ्या थाळीत तांबडे किडे घेऊन फलकाखाली उभी राहते. मुलांना पाण्यात नेणाऱ्या आया थाळी बघून माघारी फिरतात. बाकीचे थांबतात, “बाप रे!” म्हणतात, बुरेवला मनसोक्त हसतात आणि घरी जातात. सोमवारी कामावर हजर.

तुम्हीही आत्ता हसलातच. मग आपल्या गावच्या नदीवरचा पूल आला की बोलता बोलता गाडीची काच वर करालच. उत्तम. समितीला असेच सभासद हवे असतात.