जमिनीला न टेकलेला नारळ

धोंडू तांडेल मोटारसायकलीवर मागे बसला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत मिळून एक नारळ होता आणि पायांत काहीच नव्हते. दोन्ही गोष्टी नवसातल्या.

नवस त्याचा नव्हता, बायकोचा. तीन वर्षांपूर्वी वादळात धोंडूची होडी दोन दिवस बेपत्ता झाली, तेव्हा सुभद्रेने कुणकेश्वरापुढे पदर पसरला होता. घरधनी जिवंत येऊ दे, तो शिवरात्रीला पालखीच्या जुन्या वाटेने अनवाणी चालत येईल आणि तुझ्या पायरीपर्यंत नारळ जमिनीला टेकवणार नाही. घरधनी आला. चालणार का, हे मात्र त्याला कोणी विचारले नव्हते. एका वर्षी ताप आला, एका वर्षी बांगडा फार आला, नवस तसाच राहिला. यंदा जाळे तीनदा फाटले, तसे खलाशी हात जोडून म्हणाले, "तांडेलानू, आदी नवस फेडा. तवसर आमी होडयेत पाय ठेवचंव नाय." आठ दिवस होडी वाळूत होती.

तेवढ्यात मेहुणा हरिश्चंद्र मुंबईहून बोटीने आला. तो गिरणीत फिटर. येताना मोटारसायकलही बोटीत घालून आणलेली. "भावजीनू, दहा मैल चलतास कित्याक? अनवाणी बसा. देवाक काय, तुमी पोचल्याशी मतलब."

धोंडूला हे पटले नाही, पण सोयीचे वाटले. शिवरात्रीच्या पहाटे गाडीचा धडधडाट झाला, तसा तो पडवीतला नारळ उचलून धावत सुटला. सुभद्रा विहिरीवर होती.

पालखीच्या वाटेवर अर्धा मैल गेले नाहीत तोच चाक वाळूत रुतले.

"भावजीनू, उतरून ढकला!"

"कशान ढकलू? हातात देवाचो नारळ आसा!"

शेवटी धोंडूने पाठ लावून ढकलली. वाळूतून निघता निघता अनवाणी पाय गाडीच्या धुराच्या तापल्या नळीला लागला आणि देवाचे नाव आपोआप तोंडी आले. हरिश्चंद्राने गाडी वळवली. "जामसंड्याच्या रस्त्यान जावया. लांब पडता, पण घट आसा."

तो रस्ता घट्ट होता, म्हणूनच त्यावर वस्ती होती. पहिल्याच वळणावर सत्यवतीकाकी हात वर करून उभी. "धोंडू, कुणकेश्वराक चललंस मां? माजो एक नारळ ने रे पुता. झिलाक नोकरी गावली."

देवाकडे धाडलेल्या नारळाला नाही म्हणत नाहीत. पुढच्या घरी एक मिळाला, त्याच्या पुढच्या घरी आणखी एक. कोणीतरी पोते दिले, ते धोंडूच्या मांडीवर आले. देवालाही सांगून ठेवलेली कामे किती असतात, हे त्याला त्या दिवशी कळले. जामसंडे येईपर्यंत पोत्यात अकरा नारळ झाले आणि धोंडूचा जीव हातातल्या बाराव्यात अडकून होता.

ओहोळावरच्या मोरीवर गाडी उडाली. धोंडू उडाला, नारळ उडाला.

"जमिनीक टेकलो?" हरिश्चंद्र ओरडला.

"नाय! पोत्यात पडलो!"

"मगे बरां झालां."

"बरां खंय झालां रे? ह्यातलो माजो खयचो?"

बाराच्या बारा सख्खे भाऊ, एका आयचे झिल वाटत होते. धोंडूने एकेक कानाशी हलवून पाहिला. सगळ्यांतले पाणी सारखेच वाजत होते. सत्यवतीचा नारळ आपला म्हणून वाहिला, तर नवस फिटणार कोणाचा? खलाशी एक वेळ फसतील, समुद्र कसा फसेल? दोन दिवस ते खारे पाणी प्यालेला माणूस तो. त्याला खरोखर रडू फुटायला आले होते.

दुपारी देवळाशी पोचले, तर पायरीवर सुभद्रा बसलेली.

"तू? हंय?"

"सकाळीच इलंय. चलत."

"अगो, नारळ पोत्यात पडलो... माजो खयचो तां कळणा नाय."

"त्यात नवसाचो नायच. पडवीतसून उचललास तो आमटयेसाटी काढललो. नवसाचो देवघरात. मी मागसून धावलंय, तर नुसतो धूर. मगे तसोच हातात घेवन पालखयेच्या वाटेन सुटलंय." तिने पदराखालची, फोडलेल्या नारळाची पांढरीशुभ्र कवड दाखवली. "खंय टेकवक नाय हां."

धोंडूचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे फिटलो नवस?"

"नारळाचो फिटलो. पायांचो खंय? गुरवाकडसून गाऱ्हाणां घातलंय, येताना बसान येतत, पण जाताना चलत जातले, मानून घे रे म्हाराजा."

आणि जमलेल्या पन्नास माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून टाकले होते. ते आता परत घेण्याची सोय नव्हती.

बाराही नारळ देवापुढे फुटले. सुभद्रेने आमटीपुरती एक कवड काढून घेतली आणि अकरा घरांच्या प्रसादाच्या अकरा कवडी पोत्यात घालून पोते नवऱ्याच्या हातात दिले. मग कासोटा नीट करून ती भावाच्या मागे गाडीवर बसली. सकाळपासून चालून तिचे पाय सुजले होते.

"परसाद तो," गाडी सुटता सुटता ती ओरडली, "जमिनीक टेकवू नकात!"

धोंडूने पोते डोक्यावर घेतले आणि भाजलेला पाय जपत निघाला. पालखीची वाट समोरच होती, जवळची आणि मऊ वाळूची. पण अकराही घरे जामसंड्याच्या रस्त्यावर होती.