मेव्हण्यांनी दळलेली पावडर

माझ्या पावडरीत मासळीचं तेल आहे हे जगातलं कुठलंही नाक ओळखू शकणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. उगाच नाही! दोन वर्षं घासली आहेत त्यापायी. तेलाचा एकेक थेंब, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा, स्टार्चच्या पातळ कवचात बंद करायचा. मग त्याला हवा लागत नाही, तेल खवट होत नाही आणि वास बाहेर येत नाही. बिस्किटात घाला, मुलं मिटक्या मारत खातील!

त्या दिवशी बिस्किटवाल्या बाई नमुना बघायला येणार होत्या. त्यांनी ऑर्डर दिली तर आमचा विभाग चालू. नाही तर महिनाअखेरीस दाराला कुलूप आणि मी घरी!

आता माझे साहेब. हे माझ्या बायकोचे थोरले बंधू. विक्री विभागातून थेट आमच्या डोक्यावर आणून बसवलेले. तेलाबद्दल त्यांना एवढंच ठाऊक की त्यावरून पाय घसरतो. त्यांना प्रयोगशाळेत एकटं सोडून मी फक्त हात धुवायला गेलो हो! परत येतो तर आतून घर्रर्र! साहेब मिक्सरच्या भांड्यावर हात दाबून उभे!

"हे काय चाललंय?"

"अरे, पावडर जरा रवाळ लागली हाताला. म्हटलं, पाहुण्यांसमोर कशी मऊसूत हवी. चांगली तीनदा फिरवली!"

"अहो, कवचं होती ती! सगळी फोडलीत!"

"कवचं? मला तर एकही दिसलं नाही."

"दिसायची नसतातच ती! बरणीत काही उरलंय का?"

"छे! अर्धवट काम मला आवडत नाही."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! नको नको ते बोललो. तेवढ्यात वास सुटला. जिन्यावरून वर चढला, वरच्या मजल्यावर धडाधड खिडक्या उघडल्या. साहेबांनी घाईघाईने गुलाबाचा सुगंध फवारला. झालं! आता गुलाबाच्या बागेत मासळीबाजार भरला!

मी खिडकीशी धापा टाकतोय तर बायकोचा फोन.

"अहो, दादावर ओरडलात म्हणे?"

"त्याने माझी पावडर दळली!"

"मग? मदतच केली ना बिचाऱ्याने!"

मी फोन आपटला आणि वळलो. दारात बिस्किटवाल्या बाई, नाकाला रुमाल लावून.

"हे मुलांच्या बिस्किटात घालणार तुम्ही?"

आता लपवायचं तरी काय? नोकरी गेलीच आहे तर निदान खरं बोलून जाऊ! म्हटलं, "बाई, चार महिने ही पावडर बरणीत होती, वास म्हणून नव्हता. दहा मिनिटांपूर्वी या गृहस्थांनी दळली!"

बाईंनी रुमाल काढला. भांड्यावर वाकून एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"चार महिन्यांचं तेल? आणि वास इतका ताजा?"

"कवचात होतं ना!"

"मग मुलांचं राहू द्या. आमचा मांजरांच्या खाण्याचाही कारखाना आहे. खवट तेलाला मांजरं तोंड लावत नाहीत हो, फार नखरे! तुम्ही अख्खी पावडर पाठवा, खाणं बनवताना आम्ही दळून घेऊ, म्हणजे मांजरांना ताजा वास येईल."

"मी सांगतो ना, तीनदा फिरवायची!" साहेब पुढे झाले.

ऑर्डर मिळाली. मी रोज जीव ओतून कवचं बनवतो, एकालाही तडा नाही. ती फोडायची कशी, हे शिकवायला साहेब बाईंच्या कारखान्यात जातात. तज्ज्ञ म्हणून! कंपनीच्या गाडीने!

घरी बायको ऐकवते, "दादामुळे नोकरी वाचली तुमची."

संताप कशाचा होतो सांगू? बायको खरं बोलते!