यासीनमामूंचं उरलेलं कापड

शिंप्याकडून उरलेलं कापड परत आणलेला माणूस आमच्या बदनापुरात मी तरी पाहिलेला नाही. पण यासीनमामूंची तऱ्हाच न्यारी. ते उरलेल्या कापडातून गिऱ्हाइकाचा 'फोटू' बनवायचे आणि दुकानात टांगायचे.

फोटू म्हणजे काय, तर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेल्या चिंध्या, वर हुक, बटणं, खडूचे फराटे आणि चहाच्या पाण्याचे डाग. नाकडोळ्यांचा पत्ता नाही. पोस्टमननं स्वतःचा फोटू बघून विचारलं, "मामू, हे मी हाय का माझी सायकल?"

मामू चष्म्यावरून बघत म्हणाले, "चेहरा आरशात बघा. हितं आतलं बघायचं."

आमचे हेडमास्तर सदा गुरकावणारे. त्यांच्या करड्या सफारीच्या तुकड्यांत मामूंनी मधोमध त्यांच्याच नातीच्या झबल्याची लेस लावली. हेडमास्तर भांडायला म्हणून आले आणि त्या लेसकडे बघत बसून राहिले. जाताना चहाही पाजून गेले.

माझ्या फोटूत तोंडाच्या जागी पँटची चेन होती, गच्च बंद. मी म्हणालो, "मामू, मी तर दिवसभर बडबडत असतो."

"बोलून राह्यला लई, पर सांगत काहीच न्हाई."

मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर माझी जालन्याची नोकरी सुटून महिना झाला होता आणि मी रोज डबा घेऊन गाडीनं नुसता जाऊन येत होतो. त्या संध्याकाळी घरी सगळं सांगून टाकलं. बोलणी खाल्ली, पण जेवण गोड लागलं.

या सगळ्या गर्दीत एक पुठ्ठा मात्र कोरा टांगलेला असायचा. तो सलीमचा, मामूंच्या एकुलत्या एक मुलाचा. सलीम पुण्याला कपड्यांच्या दुकानात कामाला होता आणि तिथलेच कपडे घालायचा.

"रेडिमेडात उरतच न्हाई काही," मामू म्हणायचे. "फोटू कशाचा करू?"

"लावा की दुसरं कोणतं कापड."

"दुसऱ्याच्या कापडात माझं पोरगं कसं येईल?"

इतके लोक भिंतीवर असून हा माणूस एकटा आहे, हे तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं.

ईदला सलीम आला तो पायात चांगलीच लांब होणारी नवी जीन्स घेऊन. परतायच्या दिवशी म्हणाला, "अब्बा, जरा छोटी कर दो."

मी तिथंच बसलो होतो. मामूंनी तीनदा माप घेतलं, खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली ती रेघेच्या चांगलीच वर. सलीमनं पँट चढवली तर घोटे उघडे. तीस वर्षांत ज्यांचं माप सुताएवढं चुकलं नाही, ते मामू खाली बघत सुया गोळा करू लागले.

सलीमनं आधी पायांकडे पाहिलं, मग कोऱ्या पुठ्ठ्याकडे.

"बराबर है, अब्बा," म्हणाला आणि तसाच घोटे दाखवत स्टेशनकडे निघाला.

तो वळणाआड गेल्यावर मी म्हणालो, "मामू, चार बोटं जास्त कापली की."

मामूंनी खळीचं भांडं पुढं ओढलं. "न्हाई," ते म्हणाले, "बराबर उरवली."