फलकावरची मान

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. ही निसर्गाची त्रुटी लक्षात घेऊनच शासनाने जनजागृती विभाग स्थापन केला आहे. पाठीवर काय उगवलंय ते सांगायचं काम घरच्यांवर सोपवलं, तर त्यात शिस्त राहत नाही. घरचे लोक कधीही सांगतात, अगदी जेवतानासुद्धा.

या विभागाचे प्रमुख अधिकारी, म्हणजे साहेब, शिस्तीचे फार पक्के होते. वर्षभरापूर्वी त्यांची बायको म्हणाली, "अहो, मानेवरचा तो तीळ वाढलाय. एकदा दाखवून घ्या ना." त्यावर ते "बघू" म्हणाले. (कार्यालयीन भाषेत याला तत्त्वतः मान्यता म्हणतात.) त्यानंतर ती आणखी एकवीस वेळा बोलली आणि एकवीस वेळा तिला तत्त्वतः मान्यता मिळाली.

अशात वरून आदेश आला की यंदा त्वचेच्या कर्करोगाबद्दल जागृती करावी. साहेबांनी कंबर कसली. जनजागृतीची फेरी भर दुपारी बारा वाजता काढायची ठरली, कारण उन्हापासून सावध राहा असं सांगताना ऊन जागेवर हजर हवं. दोनशे कर्मचारी दीड तास चालले. अकरा जणांना भोवळ आली. (अहवालात 'प्रात्यक्षिक परिणामकारक' अशी नोंद आहे.) सगळ्यांना टोप्या दिल्या होत्या, पण विभागाचं चिन्ह पुढच्या बाजूला येत असल्यामुळे सावलीची सोयही पुढच्याच बाजूला केली होती. माना उघड्या होत्या.

सर्वांत पुढे साहेब. म्हणजे दीड तास मागच्या लोकांसमोर साहेबांची मान होती. हातातल्या पाट्यांवर तीळ कधी दाखवावा याची पाच लक्षणं लिहिली होती: दोन्ही अर्धे सारखे नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाहून जास्त रंग असणं, पेन्सिलीमागच्या खोडरबरापेक्षा मोठा असणं आणि बदलत जाणं. पहिली चार चालता चालता पडताळून झाली. पाचव्याच्या साक्षीदार हेडक्लार्क बाई होत्या. बैठकीत त्या नऊ वर्षं साहेबांच्या मागच्याच खुर्चीवर बसत होत्या.

"साहेबांना सांगायला हवं हो," छायाचित्रकार त्यांना म्हणाला.

"सांगा की मग."

"मी कंत्राटी माणूस. तुम्ही सिनियर आहात."

"म्हणूनच तर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी."

वरिष्ठांच्या शरीराबाबत निरीक्षण नोंदवण्याचा विहित नमुना उपलब्ध नव्हता, हीसुद्धा एक अडचण होतीच. पण बाईंना रात्री झोप लागेना. साहेब चिडके असले तरी माणूस वाईट नव्हता. तेवढ्यात मोहिमेच्या फलकासाठी संशयास्पद तिळाच्या फोटोची गरज पडली. असा फोटो द्यायला रुग्णालयाने तिसरं विनंतीपत्र मागितलं, तेव्हा बाईंच्या सांगण्यावरून छायाचित्रकाराने फेरीत काढलेला एक फोटो मोठा केला आणि बाईंनी तो फायलीत लावला. तोंडाने जे जमत नव्हतं ते फायलीतून पोचेल, अशी त्यांना आशा होती.

साहेबांनी फोटो भिंगातून पाहिला. शेरा मारला: "तीळ अतिरंजित वाटतो. असा तीळ घेऊन कोणी शहाणा माणूस हिंडणार नाही. तथापि जनहितार्थ मंजूर."

चार हजार फलक लागले.

त्यातला एक साहेबांच्या घराजवळच्या बसथांब्यावर लागला. बायकोने तीळ नंतर पाहिला, आधी कॉलर ओळखली. निळ्या शर्टाची उसवलेली कॉलर काळ्या दोऱ्याने तिनेच शिवली होती. संध्याकाळी तिने नवऱ्याला हाताला धरून तिथे नेलं आणि फलकाशेजारी, रांगेकडे पाठ करून उभं केलं. रांगेतल्या माणसांनी आधी फलक पाहिला, मग साहेबांना पाहिलं. एका आजोबांनी उठून त्यांना बसायला जागा दिली.

"बावीस वेळा बोलले," बायको म्हणाली. "आता मी बोलत नाही. तुमचंच लिहिलेलं तुम्ही वाचा."

साहेब वळले. शेवटची ओळ होती, 'आजच डॉक्टरांना दाखवा.' त्यातला 'आजच' त्यांनीच ठळक करायला लावला होता. वाचता वाचता त्यांचा हात मानेकडे गेला. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या विभागाची भीती वाटली.

तीळ काढला, तपासायला पाठवला. दहा दिवस साहेबांना घास गोड लागला नाही. होता तो कर्करोगच, पण वरवरचा; पूर्ण निघाला होता. "आणखी वर्षभर काढलं असतंत तर मला असं हसून सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "बरं, ओळखला कोणी?"

"सगळ्यांनी," साहेब म्हणाले.

मोहिमेचा अंतिम अहवाल पुढीलप्रमाणे: फलक चार हजार, फेरीत सहभागी दोनशे, 'वाचले, आवडले' असा अभिप्राय देणारे दोनशे, प्रत्यक्ष तपासून घेणारे एक. (तेही बायकोने ओढत नेल्यावर.)

वाचकांचे अभिप्राय मात्र अजून घेतलेले नाहीत. आपणही हे वाचलंत, कदाचित आवडलंही असेल. आपल्या मागे बसणाऱ्याला आपली मान रोज दिसते आणि तो भिडस्त आहे, हे फक्त निदर्शनास आणून देत आहोत. आता आपण मनातल्या मनात जे "बघू" म्हणालात, त्याची तत्त्वतः मान्यता म्हणून नोंद घेण्यात आली आहे.